शालीमागची चार बोटं

पेनड्राइव्हला टोपण नव्हतं. अंगठ्याच्या पेराएवढा काळा तुकडा, त्यावर कागदाची पट्टी, आणि पट्टीवर फोटोवाल्या प्रेमनं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं – 'शिवप्पा अप्पा, माती, २ कॅमेरे'. मंजुश्री ती पट्टी नखानं खरवडत होती, उगाच, आणि ती निघत नव्हती. लग्न असतं तर त्याच पेननं 'लग्न, २ कॅमेरे' लिहिलं असतं, एवढाच काय तो फरक. सासऱ्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांची माती आता तिच्या तळहातावर होती, दोन हजार तीनशे सोळा फोटो, एकवीस जीबी.

हैदराबादहून काल थोरल्या दिरांचा फोन आला होता, श्रीशैलदादांचा. सगळ्या नातेवाइकांना सगळे फोटो मिळाले पाहिजेत, एकाच जागी, चांगल्यातल्या चांगल्या क्वालिटीत, तू कॉम्प्युटर शिकवायचीस ना, मग कुठल्या फॉरमॅटमध्ये पाठवायचं ते तूच ठरव, असं ते म्हणाले. रेणापूरच्या क्लासमध्ये तिनं शिकवलं त्याला सात वर्षं होऊन गेली होती. अप्पांना अर्धांगवायू झाला आणि ती नोकरी सोडून लातूरच्या या घरात बसली, तेव्हापासून तिला काही येतं असं कुणाला आठवलं नव्हतं. आठवलं ते असं, त्यांच्या मातीच्या फोटोंसाठी. तरीही तिला बरं वाटलं होतं आणि बरं वाटल्याचा आता राग येत होता.

व्हॉट्सॲप नको, हे तर पहिल्याच मिनिटाला ठरलं. 'लिंगैक्य शिवप्पा परिवार' या ग्रुपमध्ये एकसष्ट माणसं होती आणि फोटो क्षणात पोचलेही असते, पण पोचताना ते ॲप फोटो असा पिळून काढतं की चेहरे राहतात आणि बाकीचं जातं. झिप करून पाठवावी, तर निम्मे पाहुणे 'उघडंना' म्हणून फोन करतील आणि उरलेले निम्मे न उघडताच 'छान' म्हणून मोकळे होतील. पीडीएफ सगळ्यांना उघडता येते. लाइटचं बिल, सातबारा, शाळेचा निकाल, सगळं पीडीएफमध्येच येतं, त्यामुळं म्हाताऱ्यांचाही हात बसलेला असतो. पण पानावर बसवताना फोटो बारीक होतात. आणि मग लिंक… सगळे फोटो मूळ साइझमध्ये ऑनलाइन फोल्डरला चढवायचे, वेळेप्रमाणे लावायचे, आणि लिंक द्यायची. बघणाऱ्याला काही करावं लागत नाही, बोट लावलं की उघडतं. करावं लागतं ते चढवणाऱ्याला. घरच्या नेटवर एकवीस जीबी म्हणजे दिवस, दीड दिवस.

"एवढं कशाला करून राहिलीस?" सकाळी दुकानाला निघताना तिचा नवरा, आनंदराज, चपलेत पाय सरकवत म्हणाला होता. "चांगले शंभरेक निवड अन् पीडीएफ करून टाक. कोण बघणार हाय सगळे?" आज नळाचा दिवस होता, आठ दिवसांनी पाणी येणार होतं, म्हणून संध्याकाळी लवकर येतो असंही तो सांगून गेला होता. आळशी आहे, असं तिला वाटलं. सकाळी तेवढंच वाटलं.

तिनं पेनड्राइव्ह लावला. दोन फोल्डर, आणि दोन्हींत फोटोंची नावं तीच ती. कॅमेरे एकाच कंपनीचे, दोघांनीही आपापले आकडे एकपासून मोजलेले. एकत्र टाकायला गेलं तर कॉम्प्युटर विचारतो, 'या नावाची फाइल आहे, बदलू का?' आणि कुणी बेसावधपणे हो म्हटलं, की एका कॅमेऱ्यानं पाहिलेलं दुसऱ्याच्या खाली कायमचं गडप. हे ती क्लासमध्ये पोरांना शिकवायची. म्हणून तिनं आधी सगळ्या फोटोंना काढल्या वेळेप्रमाणे नावं द्यायला घेतली. तिला काम नीट करायचं होतं – इतकंच होतं, खरंच इतकंच – आणि मधे मधे ती फोटो बघत होती.

अप्पा बसलेले. आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेला की झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळभर विभूती, गळ्यात रुद्राक्ष आणि निशिगंधाचे हार, डोक्याला फेटा. मग एकेक पाहुणा शेजारी बसतो आणि फोटो काढून घेतो, आजवर जिवंतपणी ज्यानं कधी शेजारी बसून घेतलं नाही तोही. पण मेलेल्या माणसाचं डोकं राहत नाही, पुढं येतं. म्हणून मागं एक शाल टांगतात आणि शालीमागं कुणीतरी बसतं, डोकं धरायला. मी बसले होते. साडेतीन तास. सात वर्षं जिनं धरलं तिनंच धरावं, असं मोठ्या जाऊबाई महादेवी म्हणाल्या होत्या, आणि ते म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्यामुळं तिनं त्या दिवशीचं काहीच पाहिलेलं नव्हतं. तिच्यासमोर साडेतीन तास शालीची उलटी बाजू होती, तपकिरी, तिच्यावर एक सुटलेला दोरा. आज तिला पहिल्यांदा कळत होतं की पलीकडं काय चाललं होतं… आणि दोन हजार तीनशे सोळा फोटोंत ती स्वतः कुठं होती तेही. फेट्याच्या डाव्या कडेला चार बोटं. बस. नीट पाहिलं नाही तर फेट्याचीच घडी वाटावीत अशी चार बोटं, एका फोटोत, दुसऱ्या फोटोत, तिसऱ्या फोटोत. श्रीशैलदादांच्या शेजारी ती चार बोटं, महादेवीजाऊंच्या शेजारी, नगरसेवकाच्या शेजारी, कर्ज काढून देणाऱ्या एजंटाच्या शेजारी.

आणि डबी. अप्पांच्या गळ्यात बावन्न वर्षं लटकलेली चांदीची लिंगाची डबी. विधी करायला आलेल्या स्वामींनी तिच्यातलं लिंग काढून अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, ते त्यांच्याबरोबर जमिनीत जाणार होतं, आणि रिकामी डबी दोऱ्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवली. ती थोरल्या मुलाकडं जायची. पण अप्पांना विमानात, फुलांनी सजवलेल्या पालखीत, बसवायला उचललं तेव्हा हार पडले, फुलं पडली, डबी पडली नाही. मांडीवर नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी त्यावर बोलणं निघालं. कुणी आरोप केला नाही, कसा करतील, चांगली माणसं. एवढंच म्हणाले, की जे पूर्ण वेळ तिथं होतं आणि जे कुणाला दिसत नव्हतं असं माणूस एकच होतं. महादेवीजाऊंनी तिचं कपाट पाहिलं, 'मनाला शंका नको' म्हणून पाहिलं, साड्या परत घडी करून ठेवल्या. मग कुणाला तरी आठवलं की मंजुश्रीची आई मधे दोनदा शालीमागं गेली होती, लेकीला पाणी पाजायला.

आई, नागुबाई, लोह्याहून आलेली. दुपारच्या एसटीनं परत निघालेली. बैठकीत दहा-बारा माणसं होती. आनंदराज उठला आणि अगदी मऊ आवाजात, 'आई, एवढी चेन उघडा की,' म्हणाला. नागुबाईला कळलं नाही. मग त्यानंच वाकून पिशवीची चेन उघडली. एक लुगडं निघालं, बीपीच्या गोळ्या, अर्धा बिस्किटचा पुडा, आणि मंजुश्रीनं दिलेलं एका डब्यातलं लोणचं. लोणच्याचाही डबा उघडून पाहिला. आई हसत होती. 'बघा की, बघा, त्यात काय,' म्हणत हसत होती, आणि तिची हनुवटी हलत होती. तेव्हापासून ती लातूरला आली नाही. फोनवर विचारलं की गुडघा दुखतो म्हणते. गुडघा कधीच दुखत नव्हता तिचा.

मंजुश्रीनं पुढचं बटण दाबलं. वेळा जुळत नव्हत्या. एका कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं होतं, त्यामुळं श्रीशैलदादा एका फोटोत रडत होते आणि लगेच पुढच्यात चहा पीत होते आणि पुन्हा रडत होते. तिला हसू आलं. दोन्ही कॅमेऱ्यांत सापडेल असा एक क्षण हवा होता. सापडला, स्वामींनी शंख ओठांना लावला तो. एकात अकरा वाजून बारा मिनिटं, दुसऱ्यात अकरा सोळा. चार मिनिटांचा फरक. तिनं दुसऱ्याच्या सगळ्या वेळा चार मिनिटांनी मागं घेतल्या आणि दोन्ही फोल्डर एकमेकांत ओतले, आणि दिवस सुरळीत झाला.

मग तो फोटो आला… पाच फोटो, भराभर काढलेले, समोरच्या कॅमेऱ्यातले. सासूबाई, कमलम्मा, अप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडताहेत. फार सुंदर फोटो, प्रेमनं मुद्दाम पाच काढले असणार. पहिल्यात त्यांचा उजवा हात हारांवर. दुसऱ्यात हारांखाली. तिसऱ्यात मनगटावरचं तुळशीचं गोंदण तेवढं दिसतं. ते गोंदण तिला पाठ होतं, रोज रात्री त्या मनगटाला ती तेल लावायची. चौथ्यात हात पदराकडं निघालेला आणि बोटांमध्ये काहीतरी पांढरं. निशिगंधाचं फूल. तिनं फोटो मोठा केला. फूल नव्हतं. आणखी मोठा केला. मूळ साइझमध्ये सगळं दिसतं – डबीची बिजागरी दिसली, आणि खाली लोंबणारा काळा दोरा.

तिनं मुद्दाम तोच फोटो व्हॉट्सॲपवरून स्वतःच्या दुसऱ्या नंबरला पाठवून पाहिला. फूल. पीडीएफच्या पानावर बसवून पाहिला. तिथंही फूलच. मूळ फोटोत डबी.

पाचवा फोटो नुसता पांढरा होता. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर आलेलं, पाठ, पांढरा सदरा, कॉलरखाली शाईचा डाग. तो डाग तिनं लिंबू लावून घासला होता आणि निघाला नव्हता. पण सदऱ्याला पाठ असते, तोंड नसतं, माणूस चुकून मधे येऊ शकतो… हे ती मनात म्हणत होती आणि बोट पुढं गेलंच. दुसरा कॅमेरा बाजूला उभा होता. आता वेळा जुळल्या होत्या, त्यामुळं त्याचा फोटो बरोबर चौथ्या आणि पाचव्याच्या मधे येऊन बसला होता. आनंदराज. मान खाली. डोळे आपल्या आईच्या हातावर. पुढच्या फोटोत त्याचं पाऊल उचललेलं, समोरच्या कॅमेऱ्याच्या दिशेनं. चुकून आलेला माणूस असा बघून येत नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी माहीत होतं. पिशवीवर वाकला तेव्हा माहीत होतं, लोणच्याचा डबा उघडला तेव्हा तर होतंच, आत काय निघणार नाही ते त्याला पक्कं माहीत होतं आणि तरी झाकण फिरवलं. आणि आज सकाळी, चपलेत पाय घालताना – शंभरेक निवड, पीडीएफ करून टाक. तिला त्याचा राग येईल असं वाटलं. आला नाही. पोटात काहीतरी गार आणि नीटनेटकं बसलं.

दुपारी कमलम्मा आल्या. खोबरेल तेलाची वाटी घेऊन, गुडघे धरत, तिच्यामागच्या पलंगावर बसल्या आणि अप्पांचं तोंड दाखव म्हणाल्या, मोठ्या काचंवर. मंजुश्रीनं दाखवलं. विभूती, फेटा, शंख. एकेक फोटो ती पुढं नेत होती, फार हळू, प्रत्येकावर थांबत, आणि आपण किती हळू चाललो आहोत याची तिला गोडी लागत होती. चौथ्यावर ती थांबली. फोटो मोठा केला. हात, गोंदण, बिजागरी, दोरा, सगळी काच त्या हातानं भरली. मागं पलंग वाजला नाही. वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"साफ आलंय," कमलम्मा म्हणाल्या. मग पदर सारखा करत, "ह्ये नको धाडू."

"माझ्या आईची पिशवी उघडली तवा तुम्ही समोर बसला होता, अव्वा."

"बसले होते की." आवाजात लाज नव्हती, तिनं शोधून पाहिली. "बावन्न वर्सं राख लावून मी घासली ती डबी. हैदराबादला गेली असती, महादेवीच्या लॉकरात. मी मागितली असती तर कुणी दिली असती व्हय मला? आनंदा बघितला, गप राहिला. लेक हाय."

"अन् माझी आई?"

"तुझी आई लोह्याला असती. चार दिस बोलतील, इसरतील. मला ह्याच घरात मरायचंय." त्यांनी मनगट पुढं केलं, तेलासाठी, रोजच्यासारखं. "मला बी असंच बसवतील. मागं डोकं धराया तूच बसशील. दुसरं कोण बसतंय?"

मंजुश्रीनं तेल घेतलं आणि मनगटाला लावलं. लावलं, हे खरं. गोंदणावरून अंगठा फिरवताना तिला ते मनगट मोडावंसं वाटलं, आणि तेवढ्याच जोरानं असंही कळलं, की ही म्हातारी म्हणते ते शब्दन् शब्द बरोबर आहे, बसेन मीच. शालीच्या उलट्या बाजूकडं बघत मी बसेन, आणि कुणीतरी मांडीवरून काहीतरी उचलेल.

त्या गेल्यावर तिनं सगळेच्या सगळे फोटो चढवायला लावले. मूळ साइझ, दोन्ही कॅमेरे, वेळेप्रमाणे. पडद्यावर निळी रेघ सरकायला लागली. उद्या लिंक ग्रुपवर जाईल, एकसष्ट माणसं बोट लावतील… आणि मग तिनं ती एकसष्ट माणसं एकेक करून डोळ्यांसमोर आणली. त्यांत नागुबाई नव्हती. नागुबाईकडं बटणांचा फोन होता. त्यात ना लिंक उघडते, ना पीडीएफ, ना झिप. ज्या एका माणसानं तो हात बघायला पाहिजे होता त्याच्यापर्यंत जाणारा फॉरमॅटच नव्हता. एकच होता, कागद. पोस्टकार्डाएवढी एक प्रिंट, एसटीनं नेऊन हातात द्यायची. आई काय करेल तेही तिला माहीत होतं. चष्मा लावून बघेल, दोनदा घडी घालेल, चुलीत टाकेल, आणि 'गप ऱ्हा, तुला तिथंच नांदायचंय,' म्हणेल. तरी तिला कळेल. तरी ती एकदा लातूरला येईल.

तेरा टक्के झाले होते तेव्हा नळ आला. आनंदराज वेळेवर आला होता. त्यानं पाइप बॅरलमध्ये सोडला आणि खिडकीतून आत बघितलं, आणि पडद्यावर रेघ पाहून, काय चाललंय म्हणून विचारलं.

"सगळे चढवायला लावलेत. मूळ साइझचे."

"पीडीएफ कर म्हणलो होतो की."

"पीडीएफमध्ये बारीक दिसतं, ओ," ती म्हणाली. "दोन्ही कॅमेऱ्यांच्या वेळा जुळवून लावले. आता कोण कुठं उभं होतं, सगळं लायनीत दिसतंय."

बॅरल भरलं, पाणी वरून वाहायला लागलं, आठ दिवसांनी आलेलं पाणी, त्याच्या पायांवरून मोरीकडं जात होतं आणि त्याला ते कळत नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. हनुवटी हलत होती, अगदी थोडी. आईची हलली होती तशी. तिला वाटलं होतं, हे बघून आपल्याला रडू येईल, निदान दया येईल. तिला इतकं बरं वाटलं की तिनं खुर्चीची पाठ धरली.

लिंक पाठवली की हे संपणार. दोन दिवस आरडाओरडा होईल, श्रीशैलदादा येतील, सासूबाई रडतील, नवरा पाया पडेल किंवा मारेल, आणि मग सगळे मिळून विसरतील. कागद लोह्याला नेला तर त्याहून लवकर संपेल. आणि नाही पाठवली तर संपणारच नाही… तिनं माउस हलवला आणि रेघेशेजारचं थांबवायचं बटण दाबलं. रेघ चौदावर उभी राहिली. लांबून ती सरकते आहे की उभी आहे, ते कळत नव्हतं.

"किती झालंय?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज मऊ होता, त्या दिवशी होता तसाच.

"होऊन राहिलंय," ती म्हणाली. "लई मोठे हैत. उद्या विचारा."

तो उद्या विचारेल. परवाही. म्हातारी आतून विचारेल, श्रीशैलदादा हैदराबादहून विचारतील, आणि ती प्रत्येकाला हेच सांगेल, याच आवाजात, रोज. तिकडं लोह्यात आईसाठी ती पिशवी दहा-बारा माणसांसमोर अजून उघडीच होती, लोणच्याच्या डब्याचं झाकण बाजूला पडलेलं. मंजुश्रीला ती स्पष्ट दिसली, मूळ साइझमध्ये. चेन लावण्याएवढाच हात पुढं करायचा होता, आणि तो तिनं पुढं केला नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला सणकून भूक लागली होती.